पेशीत वाढलेला विषाणू बाहेर पडतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा विद्यार्थी पेशी वाढवायचा फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, पेशी गोल होऊन सुटलेल्या बघतो आणि म्हणतो, "फुटल्या. आला विषाणू बाहेर." कधी कधी ते खरं असतं. पण बऱ्याचदा विषाणू आदल्या रात्रीच निघून गेलेला असतो, नाहीतर पेशी मेली तरी आतच अडकून बसलेला असतो. पेशीचं मरण आणि विषाणूची सुटका ही दोन वेगळी घड्याळं आहेत, आणि खालच्या बहुतेक उत्तरांत हेच पुन्हा पुन्हा येणार आहे. प्रश्न प्राणी-विषाणूंसाठी पेशीसंवर्धन (म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवणं) शिकायला आलेल्यांनी विचारलेले आहेत. भाषा थोडी मी नीट केली आहे.

"प्राणी-विषाणू" म्हणजे फक्त जनावरांचे विषाणू का?

नाही. जिवाणूंना बाधणारे, वनस्पतींना बाधणारे आणि प्राण्यांना बाधणारे अशी ही जुनी ढोबळ वाटणी आहे. तिच्यात माणूस प्राण्यांतच मोडतो. वाटणी जुनी असली तरी सुटकेच्या बाबतीत उपयोगी आहे: जिवाणूला आणि वनस्पतीच्या पेशीला बाहेरून भिंत असते, प्राण्याच्या पेशीला नसते. नुसतं मऊ पटल. त्यामुळे इथे भिंत फोडण्यापलीकडे बरेच मार्ग मोकळे असतात.

पेशी शरीराबाहेर वाढवण्याची गरजच काय होती?

विषाणू स्वतःहून कशावरही वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. त्यामुळे पूर्वी प्रयोगाचे प्राणी आणि कोंबडीची फलित अंडी यांवरच सगळं काम चालायचं. पोलिओचा विषाणू फक्त मज्जापेशींत (म्हणजे चेतापेशींत) वाढतो असा तेव्हा पक्का समज होता. 1948 मध्ये बोस्टनला जॉन एंडर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स यांच्या प्रयोगशाळेत वेलर कांजिण्यांच्या विषाणूसाठी मानवी भ्रूणाच्या ऊतींच्या नळ्या तयार करत होते. काही नळ्या उरल्या. शीतपेटीत पोलिओचा लॅन्सिंग वाण पडलेला होता, तो त्यांत टाकून बघितला. दर काही दिवसांनी द्रव बदलत राहिले. मूळचा विषाणू धुऊन धुऊन जवळजवळ नाहीसा व्हायला हवा होता, तरी तो द्रव उंदरांना टोचला की उंदरांना पक्षाघात व्हायचा. म्हणजे नळीत नवा विषाणू तयार होत होता, आणि तोही मज्जापेशी नसलेल्या ऊतींत. हे काम 1949 मध्ये छापून आलं, 1954 मध्ये तिघांना नोबेल मिळालं.

एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांनी पेशी उघडून आत पाहिलं नव्हतं, बाहेरच्या द्रवातला विषाणू मोजला होता. पोलिओ आपणहून बाहेर येतो म्हणून ते जमलं. ज्या कांजिण्यांसाठी नळ्या बनवल्या होत्या त्याच विषाणूवर हीच युक्ती केली असती तर हात रिकामे राहिले असते. त्याचं कारण पुढे येईल.

विषाणू पेशीत शिरल्यावर जिवाणूसारखा एकाचे दोन, दोनाचे चार होतो का?

नाही, आणि हा गैरसमज लवकर सुटलेला बरा. विषाणू वाढत नाही, जोडला जातो. आत शिरला की तो स्वतःला उलगडतो: कवच सुटतं, जनुकीय धागा मोकळा होतो. त्या क्षणी "विषाणू" म्हणावी अशी वस्तूच पेशीत उरत नाही.

हे प्रयोगात फार छान दिसतं. पेशींना एकाच वेळी भरपूर विषाणू द्या, न चिकटलेला धुऊन टाका, मग दर तासाला एक नळी उचला, पेशी फोडा आणि आत संसर्गक्षम विषाणू किती ते मोजा. पहिल्या तासांत आकडा वाढायचा सोडून खाली जातो. तुम्ही घातला त्याहूनही कमी! ह्या काळाला "ग्रहणकाळ" म्हणतात. सूर्य झाकला जातो तसा विषाणू झाकला जातो. नंतर आकडा एकदम उसळतो आणि मग सपाट होतो. ह्या पद्धतीचं मूळ एलिस आणि डेलब्रुक यांच्या 1939 च्या प्रयोगात आहे. तो जिवाणूभक्षक विषाणूंवर होता, पण तर्क तोच.

मी मात्र विद्यार्थ्यांना एकाऐवजी दोन आलेख काढायला लावतो. प्रत्येक तासाला द्रव वेगळा मोजायचा, पेशी वेगळ्या मोजायच्या. आतल्या विषाणूची रेघ आधी चढते, बाहेरच्याची मागून. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे सुटकेला लागलेला वेळ. फ्लूसारख्या विषाणूत दोन्ही रेघा जवळजवळ चिकटून चालतात, कारण तो पटलावर जोडला जातो आणि जोडताजोडताच बाहेर पडतो. ॲडिनोविषाणूत आतली रेघ कुठच्या कुठे जाते आणि बाहेरची बराच वेळ तळाशी रेंगाळते.

आत नेमकं काय चालतं?

विषाणूगणिक वेगळं. एकच नीट पाहू: पोलिओ, कारण त्याचा संसार आटोपशीर आहे. सुमारे 30 नॅनोमीटरचा गोळा, त्यात साडेसात हजार अक्षरांचा एक आरएनए धागा. हा धागा पेशीच्या संदेशवाहक आरएनएसारखाच वाचता येतो, म्हणून पेशीद्रवात पडल्या पडल्या रायबोसोम त्यावर बसतात आणि एकच लांबलचक प्रथिन विणतात. त्या प्रथिनातच कात्रीचं काम करणारे भाग असतात. ते स्वतःला आणि उरलेल्याला कापून सुटे भाग तयार करतात.

त्यातली एक कात्री पेशीच्याच एका प्रथिनावर चालते. पेशीचे स्वतःचे संदेश रायबोसोमवर चढवायला लागणारा घटक ती तोडून टाकते. पेशीची स्वतःची प्रथिननिर्मिती काही तासांत बसते. विषाणूच्या धाग्याला ह्याचा त्रास होत नाही, कारण रायबोसोमला थेट मध्येच चढवणारी एक घडी त्याच्यात असते. ती 1988 मध्ये सापडली. म्हणजे कारखाना तोच, कामगार तेच, पण मालकाच्या मागण्या घेणं बंद.

दरम्यान आतली पटलं मोडून पुटकुळ्यांचे पुंजके तयार होतात आणि त्यांवर आरएनएच्या प्रती निघतात. कवचाची चार प्रथिनं प्रत्येकी साठ-साठ नगांनी एकत्र येतात आणि धागा आत बंद होतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. हर्पिस आणि ॲडिनोविषाणू केंद्रकात जाऊन डीएनए वाढवतात. फ्लू आरएनएचा असूनही केंद्रकात जातो, हे परीक्षेत हमखास चुकतं. देवीच्या कुळातला व्हॅक्सिनिया डीएनएचा असूनही पेशीद्रवातच सगळं उरकतो, कारण लागणारी विकरं तो बरोबर घेऊन येतो. रेट्रोविषाणू आरएनएवरून डीएनए बनवून पेशीच्या गुणसूत्रातच बसतात. ते करणारं विकर 1970 मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळं काम करून शोधलं.

एका चक्राला किती वेळ लागतो?

पोलिओसारख्या विषाणूला 6 ते 8 तास. फ्लूचे पहिले नवे कण 6 तासांच्या सुमारास बाहेर दिसू लागतात आणि पेशी टिकेपर्यंत येत राहतात. हर्पिस सिम्प्लेक्सला 18 ते 20 तास. सायटोमेगॅलोविषाणूला तीन दिवस, आणि त्याचा परिणाम पेशींच्या थराभर डोळ्यांना दिसायला आठवडा सहज जातो.

एमओआय 1 घेतला म्हणजे प्रत्येक पेशीला एक विषाणू मिळतो ना?

मिळत नाही. एमओआय म्हणजे दर पेशीमागे किती संसर्गक्षम कण घातले त्याचं प्रमाण, आणि ते सरासरीच असतं. पाऊस पडताना दर फरशीवर एकेक थेंब मोजून पडत नाही, तसंच हे. एमओआय 1 ला साधारण 37 टक्के पेशी कोऱ्या राहतात, 3 ला 5 टक्के, आणि 5 ला एका टक्क्याहूनही कमी. सगळ्या पेशींचं घड्याळ एकदम सुरू करायचं असेल तर 5 किंवा 10 घ्यावा लागतो. साठा वाढवायचा असेल तर उलट, अगदी कमी, शंभर पेशींमागे एक किंवा त्याहून कमी. जास्त घालून पिढ्यान् पिढ्या वाढवत गेलं की अर्धवट जनुकसंच असलेले लंगडे कण माजतात. पूर्ण विषाणूच्या जिवावर ते स्वतःच्या प्रती काढून घेतात आणि खरा टायटर (द्रवात संसर्गक्षम कण किती त्याचा आकडा) पाडतात. फ्लूमध्ये ही गोष्ट प्रेबेन फॉन मॅग्नुस यांनी फार आधी दाखवली होती. "जास्त बी पेरलं म्हणजे जास्त पीक" हा हिशेब इथे चालत नाही.

वेष्टन (कवचावरचं पटलाचं आवरण) नसलेले विषाणू पेशी फोडूनच बाहेर येतात का?

पाठ्यपुस्तकात तसं लिहिलेलं असतं आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. ॲडिनोविषाणूजवळ तर पेशीचा शेवट लवकर घडवून आणणारं एक खास प्रथिनच असतं. ते काढून टाकलेला वाण आत तितकाच विषाणू बनवतो, पण पेशी बरेच दिवस टिकून राहतात आणि विषाणू आत तुंबतो. उत्पादन आणि सुटका ही दोन वेगळी खाती आहेत, ह्याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मला माहीत नाही.

पण पोलिओने हे चित्र थोडं बिघडवलं. पेशी फुटायच्या आधीच काही कण पटलाच्या पिशव्यांत भरून बाहेर पडतात. एकेका पिशवीत पुष्कळ कण असतात आणि अशी भरलेली पिशवी पुढच्या पेशीत एकदमच सामान उतरवते. हे 2015 मध्ये स्पष्टपणे दाखवलं गेलं. कावीळ करणाऱ्या हिपॅटायटिस ए विषाणूचं तर 2013 मध्ये कळलं, की तो पेशीतून निघताना पेशीच्या पटलाची चादर पांघरून निघतो, आणि पेशी बहुधा शाबूत राहते. इतकी वर्षं त्याला "उघडा" म्हणत होतो.

मग वेष्टन असलेले कसे निघतात?

अंकुर फुटावा तसे. विषाणूची प्रथिनं पटलाच्या आतल्या बाजूला जमतात, पटल बाहेरच्या बाजूला फुगतं, फुग्याची मान आवळत जाते आणि शेवटी ती कापली जाते. पेशीच्या पटलाचा तुकडा हाच विषाणूचं वेष्टन होतो. पेशीला भोक पडत नाही, म्हणून ती तासन् तास, कधी कधी दिवसेंदिवस कण सोडत राहू शकते.

खरी गंमत शेवटच्या कापण्यात आहे. एचआयव्हीच्या मुख्य प्रथिनाच्या शेपटीत एक छोटा तुकडा असतो. 1991 मध्ये तो तुकडा नसलेले विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशीभोवती पूर्ण बनलेले कण देठाला फळ लटकावं तसे लटकलेले दिसले. सगळं झालं होतं, फक्त देठ तुटत नव्हता. पुढे 2001 मध्ये कळलं की तो तुकडा पेशीच्या एका प्रथिनाला पकडतो आणि त्याच्यामार्फत "एस्कॉर्ट" नावाने ओळखली जाणारी प्रथिनांची टोळी बोलावतो. ही टोळी पेशीची रोजची कामं करणारी आहे. पेशीविभाजनात दोन लेकी-पेशींमधला शेवटचा दुवा तीच तोडते. फ्लू मात्र तिच्यावाचून भागवतो. त्याचं स्वतःचं एम-2 प्रथिन मानेपाशी बसून ते काम करतं.

सगळे विषाणू बाहेरच्याच पटलावर अंकुरतात असंही नाही. कोरोनाविषाणू आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी ह्या पेशीच्या आतल्या पटलांच्या मधल्या कप्प्यात, आतल्या आतच अंकुरतात. मग ते कप्प्यातून वाहून बाहेर टाकले जातात. हा प्रवास गॉल्जीमार्गेच होतो असं गृहीत धरलं होतं, पण 2020 मध्ये लयकारिकांचा रस्ताही त्यांना चालतो हे दिसलं. कचरा विरघळवायच्या कप्प्यात बसून सुखरूप बाहेर!

बाहेर पडलेला विषाणू त्याच पेशीला परत चिकटत नाही का?

चिकटतो, आणि फ्लूपुढे हा प्रश्न जन्मभराचा आहे. फ्लू ज्या सायलिक आम्लाला धरून पेशीत शिरतो ते आम्ल पेशीच्या अंगभर असतं, आणि नव्या कणांच्या स्वतःच्या प्रथिनांवरही. म्हणजे घरातून निघालेला माणूस दाराच्या चौकटीलाच चिकटावा, आणि मागून येणारे त्याच्या पाठीला. त्यासाठी फ्लूजवळ न्युरामिनिडेझ नावाची कात्री आहे. ती सायलिक आम्ल छाटून वाट मोकळी करते. 1974 मध्ये ह्या विकरात दोष असलेले वाण पाहिले तर कण बनत होते, पण पेशीच्या पृष्ठभागावर एकमेकांना चिकटून गठ्ठे होऊन पडले होते. 1999 मध्ये मान्यता मिळालेली ऑसेल्टामिव्हिर आणि झानामिव्हिर ही औषधं नेमकी हीच कात्री बोथट करतात. ती विषाणूचं उत्पादन थांबवत नाहीत, सुटका थांबवतात.

पेशी स्वतः विषाणूला अडवते का?

अडवते. टेदरिन नावाचं एक प्रथिन पटलात दोन्ही टोकांनी रुतलेलं असतं. कण सुटताना एक टोक कणात जातं, दुसरं पेशीत राहतं, आणि कण खुंट्याला बांधलेल्या वासरासारखा जागीच फिरतो. एचआयव्हीचं व्हीपीयू प्रथिन टेदरिनला पटलावरून हटवतं. काही पेशींत व्हीपीयू नसलेला एचआयव्ही मजेत सुटतो आणि काहींत अडकतो, हे कोडं बरीच वर्षं पडून होतं. 2008 मध्ये टेदरिन सापडलं तेव्हा ते सुटलं.

हर्पिसचं कवच केंद्रकात तयार होतं. ते केंद्रकाबाहेर येतं कसं?

केंद्रकाच्या छिद्रांतून साधारण 40 नॅनोमीटरपर्यंतचा माल जातो, आणि हर्पिसचं कवच 125 नॅनोमीटरचं. दारातून कपाट जात नाही म्हणून भिंतीतून काढायचं. कवच केंद्रकाच्या आतल्या पटलात अंकुरतं, दोन पटलांमधल्या फटीत येतं आणि बाहेरच्या पटलाशी एकरूप होऊन ते पहिलं वेष्टन तिथेच टाकून देतं. मग उघडं कवच पेशीद्रवात येतं आणि गॉल्जीजवळच्या पिशव्यांत दुसरं, कायमचं वेष्टन चढवून घेतं. आधी अंगरखा घालायचा, तो उतरवायचा आणि दुसरा घालून बाहेर जायचं! ह्यावर बरीच वर्षं वाद चालला. आता बहुतेकांनी ते मान्य केलं आहे.

बाहेर पडतच नाही असा विषाणू आहे का?

संवर्धनात आहे, आणि तो नेमका कांजिण्यांचा. हर्पिसच्याच कुळातला. माणसांमध्ये कांजिण्या किती झपाट्याने पसरतात ते सांगायला नको. पण फ्लास्कमध्ये ह्या विषाणूची बाधा झालेल्या पेशींवरचा द्रव काढून नव्या पेशींवर घातला तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. बाहेर निघायच्या वाटेवरचे कण पेशीच्या आम्लधर्मी, पचवणाऱ्या कप्प्यांकडे वळतात आणि तिथेच खराब होतात. शेजारच्या पेशीत तो थेट, चिकटलेल्या पटलातून जातो. म्हणून तो पुढे नेताना द्रव नेत नाहीत, बाधित पेशीच उचलून नव्या पेशींत मिसळतात. माणसाच्या त्वचेवरच्या फोडातल्या पाण्यात मात्र मोकळा विषाणू भरपूर असतो. विषाणू तोच, पण फ्लास्कमधल्या पेशी आणि त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी त्याला वेगळ्या वाटेने सोडतात.

मग विषाणू काढताना सुपरनेटंट (पेशींवरचा द्रव) घ्यायचं की पेशी?

हा प्रश्न विचारलात तर तुमचा एक आठवडा वाचेल. मी विचारला नव्हता. शिकत असताना एका ॲडिनोविषाणूचा साठा वाढवत होतो. त्याआधी वर्षभर फ्लूवर काम केलेलं, त्यामुळे हाताला सवय तीच: द्रव उपसा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, तळाचा गाळ टाकून द्या, वरचं स्वच्छ पाणी जपून ठेवा. मी तळाचा गाळ टाकून दिला. टायटर आला तो इतका केविलवाणा, की मी आधी पेशींना दोष दिला, मग मीडियमला, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवाला. माझ्या वरिष्ठांनी फक्त एवढंच विचारलं, "पेशी कुठे आहेत?" पेशी निर्जंतुक करून कचऱ्यात गेल्या होत्या, विषाणूसकट.

ढोबळ नियम असा: अंकुरून निघणारा असेल तर द्रव घ्या. आत तुंबणारा असेल तर पेशी गोळा करा आणि गोठवणं-वितळवणं असं तीनदा करून त्या फोडा. पण ही युक्ती सगळीकडे लावू नका. गोठताना होणारे बर्फाचे स्फटिक वेष्टनाला सोसत नाहीत, आणि श्वसनमार्गाचा आरएस विषाणू तर ह्या बाबतीत फारच नाजूक आहे. नवा विषाणू हातात आला की पहिल्यांदा दोन्ही वेगवेगळं मोजा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

सीपीई दिसत नाही, म्हणजे विषाणू वाढला नाही?

सीपीई म्हणजे विषाणूमुळे पेशींत डोळ्यांना दिसणारा बिघाड. तो नसला तरी विषाणू असू शकतो. 1957 मध्ये फोगेल आणि शेलोकोव्ह यांनी फ्लूची बाधा झालेल्या, पण वरवर ठणठणीत दिसणाऱ्या माकडाच्या मूत्रपिंडपेशींवर गिनीपिगच्या लाल रक्तपेशी टाकल्या. त्या बाधित पेशींना चिकटून बसल्या, कारण विषाणूची प्रथिनं पटलावर आधीच येऊन थांबलेली होती. रुबेलाचा विषाणू 1962 मध्ये ह्याहूनही आडवाटेने सापडला. त्याने पेशींना काहीच केलेलं दिसेना, पण त्याच पेशींवर पेशी मारणारा दुसरा विषाणू टाकला तर त्या मरेनात! आधीच कुणीतरी आत बसलंय, ह्याचा तो पुरावा.

उलटही घडतं. पेशी मेल्या म्हणजे विषाणूच असं नाही. मीडियम जुनं झालं, थर दाट झाला, इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड संपला, तरी पेशी गोल होतात. शेजारी विषाणू न घातलेला फ्लास्क ठेवल्याशिवाय मी कुणाच्या सीपीईवर विश्वास ठेवत नाही, माझ्या स्वतःच्याही नाही.

बाधित फ्लास्कचं मीडियम गुलाबी आणि शेजारचं पिवळं, असं का?

निरोगी पेशी साखर जाळून आम्ल सोडतात आणि मीडियममधलं फिनॉल रेड (आम्लाने रंग बदलणारं द्रव्य) पिवळं पडतं. मेलेल्या पेशी काही सोडत नाहीत, म्हणून रंग तसाच राहतो. वाचायला अगदी सोपी खूण.

प्लाक म्हणजे काय, आणि काही प्लाक मोठे काही लहान का?

पेशींच्या सलग थरावर अगदी थोडा विषाणू घालून वर अगारसारखा घट्ट थर दिला, की निघालेला विषाणू लांब पोहत जाऊ शकत नाही, शेजारच्याच पेशींना बाधतो. काही दिवसांत मेलेल्या पेशींचं गोल टक्कल पडतं, तो प्लाक. जांभळा रंग दिला की जिवंत थर जांभळा आणि प्लाक पांढरे भोक दिसतात. प्राणी-विषाणूंसाठी ही पद्धत रेनातो डल्बेको यांनी 1952 मध्ये बसवली आणि विषाणू "मोजता" येऊ लागला.

प्लाकचा आकार बहुतांशी सुटकेची आणि पसरण्याची गोष्ट सांगतो. व्हॅक्सिनियाचं उदाहरण बघा. त्याचा कण बाहेर येऊन पेशीच्या पटलावरच बसतो, आणि पटलाच्या आतून ॲक्टिनचा (पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाचा) दांडा वाढून त्याला शेजारच्या पेशीत ढकलतो. हा दांडा बनवता न येणाऱ्या वाणांचे प्लाक बारीक असतात, आत विषाणू पुष्कळ बनत असला तरी. शिवाय 2010 मध्ये असं दिसलं की आधीच बाधा झालेल्या पेशीवर नवा कण उतरला तर ती पेशीही दांडा उभारून त्याला पुढे भिरकावते, जागा भरलेली आहे म्हणून. म्हणूनच त्याचा प्लाक एका चक्राच्या वेगाच्या हिशेबापेक्षा भराभर वाढतो.

गोवराचा विषाणू आणखी वेगळा. तो शेजारपाजारच्या पेशींची पटलंच एक करून टाकतो आणि डझनभर केंद्रकं असलेला एक अवाढव्य गोळा बनतो. बाहेर पडण्याची यातायात कशाला!

सगळीकडे व्हेरो पेशीच का वापरतात?

1962 मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात यासुमुरा आणि कावाकिता यांनी आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून ही पेशीमालिका सुरू केली. नाव एस्पेरांतो भाषेतल्या "हिरवं मूत्रपिंड" ह्या शब्दांवरून जुळवलेलं. व्हेरो पेशींच्या गुणसूत्रातून मुख्य इंटरफेरॉनची जनुकं गळून गेली आहेत. इंटरफेरॉन म्हणजे बाधित पेशीने शेजाऱ्यांना दिलेली हाक. 1957 मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी ते शोधलं. व्हेरो पेशी ही हाक देतच नाहीत, त्यामुळे पुष्कळ विषाणू त्यांत बिनधास्त वाढतात आणि प्लाक स्वच्छ पडतात. तोटाही तोच. व्हेरोमध्ये मिळालेलं उत्तर इंटरफेरॉन असलेल्या पेशींत लागू पडेलच असं नाही.

बाहेर आलेला प्रत्येक कण संसर्गक्षम असतो का?

अजिबात नाही. पोलिओसारख्या विषाणूत एका प्लाकमागे शेकड्याने कण मोजले जातात. काही निकामी असतात, काहींना वाट सापडत नाही.

काहींचं तर बाहेर आल्यावरही काम बाकी असतं. एचआयव्हीचा कण कच्चा निघतो. सुटताना आणि सुटल्यावर त्याची स्वतःची कात्री आतली प्रथिनं कापते आणि मगच शंकूसारखा गाभा तयार होतो. प्रोटिएझ रोधक औषधं हेच अडवतात, म्हणून कण बाहेर येतात पण फुसके. फ्लूला आपल्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन बाहेरून कुणीतरी कापून द्यावं लागतं. फुप्फुसात ती विकरं असतात, फ्लास्कमधल्या एमडीसीके पेशींजवळ (कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशीमालिकेजवळ) पुरेशी नसतात, म्हणून मीडियममध्ये ट्रिप्सिन घालतात. ते विसरलात तर पहिलं चक्र झकास होतं, कण बाहेरही येतात, आणि पुढे शुकशुकाट. विद्यार्थी म्हणतो विषाणू मेला. विषाणू तिथेच असतो, नुसता कुलूपबंद.

फ्लास्कमधली सुटका आणि शरीरातली सुटका सारखीच का?

पेशींना वर-खाली असते हे फ्लास्कमध्ये विसरायला होतं. 1978 मध्ये रॉड्रिगेझ-बुलान आणि साबातिनी यांनी एमडीसीके पेशींचा घट्ट थर घेतला. त्यात फ्लू फक्त वरच्या बाजूने अंकुरत होता आणि व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणू खालच्या-बाजूच्या पटलातून. श्वासनलिकेच्या अस्तराचा विचार केलात तर वरची बाजू म्हणजे हवेची पोकळी आणि खालची म्हणजे ऊती आणि रक्त. फ्लू बहुतेकदा श्वसनमार्गापुरता राहतो, त्याचं हे एक कारण. प्लास्टिकवर पसरलेल्या चपट्या पेशींत ही दिशा पुसट होते, म्हणून असे प्रयोग सच्छिद्र पडद्यावर वाढवलेल्या पेशींवर करतात.

संध्याकाळी बाधा दिली, आता घरी जाऊ का?

सायटोमेगॅलो असेल तर खुशाल जा, उद्या आलात तरी थर आहे तसाच दिसेल. फ्लू असेल तर सकाळी लवकर या. आणि जास्त एमओआयने पोलिओसारखा एन्टेरोविषाणू दिला असेल, वर दर तासाला नळ्या उचलायच्या असतील, तर डबा मागवा आणि थांबा. सकाळी आलात तर पेशी तरंगत असतील, द्रवात विषाणू भरपूर असेल, आणि दोन रेघांमधलं अंतर मोजायची संधी रात्रीच निघून गेलेली असेल.